बाजारात तुरी

निस्सानची पुढची जीटी-आर, म्हणजे आर36, अजून आलेली नाही. तरीही तिची ताकद, तिची किंमत आणि ती शोरूममध्ये येण्याचं साल गेली दहा-बारा वर्षं छापून येतंय. साल उलटलं की आकडा खोडायचा, नवा घालायचा आणि तीच बातमी पुन्हा चालवायची. सोबत संगणकावर रंगवलेली एक लालभडक गाडी. गाडीवेडी मंडळी ती बातमी हौसेने एकमेकांना पाठवतात, कारण या गाडीवर त्यांचा मनापासून जीव आहे. त्या जिवावर धंदा करणाऱ्यांबद्दल आज लिहायचंय.

या वावड्यांनी सगळ्यात मोठा अन्याय केला तो आर35वर, म्हणजे तिच्या आधीच्या जीटी-आरवर. ही गाडी 2007च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आली. 3.8 लिटरचं, दोन टर्बोंचं व्ही6 इंजिन, चारही चाकांना ताकद, सुरुवातीला 480 अश्वशक्ती. योकोहामाच्या कारखान्यात एकेक इंजिन एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने जुळवायचा आणि त्यावर आपल्या नावाची पट्टी लावायचा. या कारागिरांना ‘ताकुमी’ म्हणतात, आणि आर35चे ताकुमी होते 9. प्रमुख अभियंता काझुतोशी मिझुनो यांनी शिरस्ता असा घातला की जवळजवळ दरवर्षी गाडीत काही ना काही सुधारलं जाई. ते 2013 साली कंपनी सोडून गेले, शिरस्ता टिकला. साध्या आवृत्तीची ताकद 570वर गेली, खास ‘निस्मो’ आवृत्तीची 600वर. त्याच 2013मध्ये निस्मोने जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगची वीस किलोमीटरहून लांबीची फेरी 7 मिनिटं 9 सेकंदांच्या आत मारली. दहा वर्षांनी, आवाजाचे नियम कडक झाले तेव्हा, तिला नवा सायलेन्सर बसवून जपानच्या रस्त्यावर ठेवलं गेलं. इतक्या जुन्या गाडीसाठी एवढी मेहनत कोण घेतं?

या प्रत्येक सुधारणेच्या बातमीला शेपूट मात्र ठरलेलं: ही शेवटचीच, आर36 येऊ घातलीय. सतरा-अठरा वर्षं समोर उभ्या असलेल्या गाडीकडे आपण धड पाहिलं नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी गत. जी गाडी नव्हती तिच्या हॉर्सपॉवरवरून भांडणं झाली आणि जी होती तिला ‘म्हातारी’ म्हणून मोडीत काढलं.

नुकसान नुसतं मानाचं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. पैशांचंही झालं. अमेरिकेत आर35 आली तेव्हा 70 हजार डॉलरच्या आत मिळायची. शेवटी शेवटी साध्या आवृत्तीला 1 लाख 21 हजारांच्या आसपास मोजावे लागत. ‘आत्ता कशाला घेतोस, नवीन येतेय’ हा सल्ला मानून जो थांबला, त्याने एक तर तीच गाडी चढ्या भावाने घेतली, नाहीतर ती त्याच्या हातची गेली. कारण इकडे वावड्या उडत असताना तिकडे एकेक दरवाजा बंद होत होता. बाजूच्या धडकेच्या नव्या नियमापायी ऑस्ट्रेलियातली विक्री 2021 साली संपली, आवाजाच्या नियमापायी युरोपातली 2022 साली, आणि 2024मध्ये अमेरिकेतली. आपल्याकडे ती 2016च्या डिसेंबरात 1 कोटी 99 लाखांना आली होती, जॉन अब्राहम तिचा सदिच्छादूत होता. प्लेस्टेशनवर ‘ग्रॅन तुरिस्मो’ खेळत मोठी झालेली पुण्या-मुंबईतली पोरं तिचं नाव तोंडपाठ म्हणत, विकत घेणारे अर्थातच बोटांवर मोजण्याइतके. नव्या गाडीसाठी थांबलेल्यांना या नियमांबद्दल कुणी वेळेवर सांगितलं? नियम ही कंटाळवाणी बातमी. तिला चित्र नसतं.

कंपनीचे हातही या बाबतीत स्वच्छ नाहीत. 2014 साली निस्सानने ‘ग्रॅन तुरिस्मो’ या व्हिडिओ गेमसाठी एक गाडी रेखाटली आणि तिच्या नावातच ‘2020’ घातलं. मग लोकांनी 2020 साली आर36 येणार असं धरलं तर दोष कोणाचा? 2015 साली ‘जीटी-आर’ हे नाव लावून ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत तीन गाड्या उतरवल्या. इंजिन पुढे, ताकद पुढच्या चाकांना, अशी जगावेगळी मांडणी. तिन्हींपैकी एकीचंही नाव अंतिम निकालात लागलं नाही आणि डिसेंबरात तो सगळा प्रकल्पच गुंडाळला गेला. प्रयोग धाडसाचा होता, मला त्याचं कौतुकच आहे. पण जीटी-आरचं नाव वापरून उत्सुकता वाढवायची आणि पुढे काय याबद्दल गप्प बसायचं, ही रीत वाईट. 2023 साली टोकियोत ‘हायपर फोर्स’ ही नमुना गाडी मांडली: 1,360 अश्वशक्ती, पूर्ण विजेवर, सॉलिड-स्टेट बॅटरीसह. तसल्या बॅटऱ्या गाडीत घालण्याचं निस्सानचं स्वतःचं लक्ष्य आर्थिक वर्ष 2028चं. ज्या गाडीची बॅटरीच बाजारात नाही, ती ‘लवकरच’ येणार असं लिहिणाऱ्याने ही एक ओळ तरी वाचायला हवी होती.

याच कंपनीने एकदा हे काम नीट केलेलं आहे. 2001मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात जीटी-आरचा पहिला नमुना मांडला. 2005मध्ये खऱ्या गाडीच्या अगदी जवळचा दुसरा नमुना आणला आणि विक्रीचं साल सांगितलं 2007. सांगितल्याप्रमाणे गाडी आली. अफवेला जागाच उरली नाही.

थांबणं या नावाला नवीन नाही. पहिली स्कायलाइन जीटी-आर 1969 सालची, तीन वर्षांत पन्नासेक शर्यती मारणारी. दुसरी आली 1973च्या जानेवारीत. धुराचे नियम आणि तेलाचं संकट यांच्या कात्रीत सापडून ती 197 गाड्यांवर संपली. पुढची जीटी-आर थेट 1989ची, आर32. मध्ये सोळा वर्षं गेली. त्या सोळा वर्षांत स्कायलाइन ही मूळ गाडी निघत राहिली, पण जीटी-आरचा बिल्ला कुणी उगाच चिकटवला नाही. आणि मग जी गाडी आली तिने जपानच्या ग्रुप ए स्पर्धेतल्या 29 पैकी 29 शर्यती जिंकल्या, ऑस्ट्रेलियात 1991 आणि 1992 अशी लागोपाठ दोनदा बाथर्स्टची शर्यत मारली. ‘गॉडझिला’ हे टोपणनाव ऑस्ट्रेलियातल्याच एका मासिकाचं. आर35 बंद झाल्यावर आर36साठी तळमळणाऱ्यांनी हा इतिहास जरूर डोळ्यांसमोर ठेवावा. तयारी नसताना नाव वापरलं नाही, म्हणूनच त्या नावाला आज वजन आहे.

26 ऑगस्ट 2025 रोजी तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची आर35 बाहेर पडली, मिडनाइट पर्पल रंगाची. अठरा वर्षांत सुमारे 48 हजार गाड्या झाल्या. त्या दिवशी निस्सानचे नवे प्रमुख इव्हान एस्पिनोसा यांनी सांगितलं की हा कायमचा निरोप नाही, हे नाव परत यावं असा आमचा मानस आहे, पण आज पक्की योजना तयार नाही. इतकी सरळ भाषा या विषयावर बऱ्याच वर्षांनी ऐकली. तिचं मोल ओळखायला कंपनीची अवस्था पाहावी लागते. 2024-25मध्ये सुमारे 67 हजार कोटी येनचा तोटा. होंडाशी विलीनीकरणाची बोलणी फेब्रुवारी 2025मध्ये फिसकटलेली. वीस हजार नोकऱ्या जाणार, 17 कारखान्यांचे 10 होणार, आणि त्यात ओप्पामासारखा जुना कारखानाही आहे. अशा घरात वर्षाला दोन-तीन हजार खपणाऱ्या गाडीवर पैसा ओतायचा निर्णय सोपा नसतो. एस्पिनोसा यांनी तो घाईने जाहीर केला असता तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.

आणि तरीही पुन्हा नव्या तारखा सुरू झाल्या!

वाहनांवर लिहिणाऱ्या माझ्या मराठी मित्रांना बातमी आणि वावडी यांतला फरक सांगायला नको. चाकण-तळेगाव रस्त्यावर चट्ट्यापट्ट्यांचं आवरण चिकटवलेली गाडी दिसते, कुणीतरी धावत्या गाडीतून फोटो काढतो, आणि ती बातमी छापायला काहीच हरकत नाही. तिथे पत्रा आहे, चाकं आहेत, चालवणारा माणूस आहे. ती गाडी कुणीतरी पैसे घालून बांधली आहे. आर36च्या नावाने फिरणाऱ्या बहुतेक चित्रांमागे एक संगणक आणि एक रिकामी दुपार यापलीकडे काही नव्हतं. ती चित्रं ‘कल्पनाचित्र’ असं ठसठशीत लिहून खुशाल छापा, काही फार देखणी असतात. पण खाली साल छापायचं तर ते कुणी सांगितलं हेही छापा.  ज्यांनी ती गाडी बनवायची ते पक्की तारीख देत नाहीत, तोवर तुम्हीही देऊ नका.