अण्णांचं काळं पाणी

अण्णांच्या पाकिटात वीस रुपयांच्या दोन नोटा कायम असतात आणि त्या मोडायच्या नसतात. एक जुनी, तांबूस. तिच्या पाठीवर माड, समुद्र आणि लांबवर एक दीपगृह. दुसरी २०१९ साली आलेली, हिरवट-पिवळी. तिच्या पाठीवर आमच्या जिल्ह्यातलं वेरूळ. जुन्या नोटेवरचं चित्र अंदमानातलं आहे, पोर्ट ब्लेअरजवळच्या माउंट हॅरिएटवरून दिसणारं आहे, असं कुणीतरी त्यांना सांगितलं आणि तेव्हापासून अण्णांच्या डोक्यात अंदमानानं घर केलं. “म्हणजे रिझर्व्ह बँकेनं त्यांना उठवून आपल्याला बसवलं,” ते म्हणायचे. “ज्याच्या जागेवर बसलो, त्याला एकदा भेटून यावं की नाही माणसानं?”

अंदमानला जायचं हे कारण सांगणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण अण्णा स्वतः काही दुर्मीळ नाहीत. आमच्या संभाजीनगरच्या सिडकोत एन-सेव्हनपासून एन-इलेव्हनपर्यंत कुठल्याही गल्लीत जा, एक अण्णा गेटपाशी उभे दिसतीलच. वाळूजच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर, मुलगा हिंजवडीत, मुलगी बंगळुरूला, खिशात टेस्टर, आणि गल्लीतल्या प्रत्येक घराच्या गच्चीवरची टाकी किती लिटरची हे तोंडपाठ. हे अण्णा प्रवासाला जातात ते काही बघायला नाही, ताडून बघायला. आपल्याकडं कसं आहे आणि यांच्याकडं कसं आहे, एवढाच त्यांचा प्रश्न. ताजमहाल बघून आले तेव्हाही पहिलं वाक्य होतं, “आपल्या मकबऱ्यात गर्दी कमी असते.”

या वेळी अण्णा आणि काकूंच्या टूरमध्ये आम्ही दोघंही होतो. तारीख ठरवायला अण्णांनी कालनिर्णय उघडलं, पण मुहूर्त काढला तो नळाचा. एप्रिल महिना. आमच्याकडं तेव्हा नळ आठवड्यानं आला तरी लोक एकमेकांना फोन करून कळवतात. पाणी येऊन हौद, टाकी, ड्रम, हंडे, काकूंचा कुकरसुद्धा भरून झाला की दुसऱ्या दिवशी निघायचं, असा हिशेब. वरच्या भाडेकरूला व्हॉल्व्ह कुठला, मोटर कधी लावायची, शेजारच्यांनी मोटर लावली तर काय बोलायचं आणि कुठल्या आवाजात बोलायचं, हे सगळं कागदावर लिहून दिलेलं. कागदाला लॅमिनेशन.

आमचं विमान हैदराबादमार्गे होतं. चिकलठाणा विमानतळावर तिकीट हातात घेतल्या घेतल्या अण्णांना शोध लागला. “हे बघा, आपण आयएक्सयू आणि पोर्ट ब्लेअर आयएक्सझेड. आडनाव एकच!” हैदराबादला उतरल्यावर ते जरा गंभीर झाले. शेजारच्या खुर्चीवरच्या कोल्हापूरच्या गृहस्थांना धपाट्याचा तुकडा देत त्यांनी मराठवाडा मुक्तिसंग्राम पहिल्यापासून सांगायला घेतला. देश पंधरा ऑगस्टला मोकळा झाला, आम्ही मात्र १७ सप्टेंबर १९४८ ला, वर्षभर उशिरा. ते गृहस्थ थोडे जाणते निघाले. म्हणाले, “आता चाललोय तिथं नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ लाच तिरंगा फडकवला होता.” अण्णांनी बोटं मोजली. पावणेपाच वर्षं. त्यांनी डबा बंद केला आणि विमानात बसेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

उतरल्यावर टॅक्सीवाल्याशी मात्र लगेच जमलं. त्याला अण्णांनी पोर्ट ब्लेअर म्हणू दिलं नाही. “अब श्री विजयपुरम बोलनेका.” मग त्यानं विचारलं, आप कहाँ से? अण्णा पटकन म्हणाले, “औरंगाबाद,” आणि लगेच जीभ चावून म्हणाले, “छत्रपती संभाजीनगर. उसके पयले औरंगाबाद. उसके पयले खडकी.” टॅक्सीवाल्यानंही मग आपला साठा काढला. हॅवलॉकचं झालं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही सगळी २०१८ ची. माउंट हॅरिएटचं माउंट मणिपूर झालं, ते २०२१ मध्ये. खुद्द गावाचं बदललं २०२४ च्या सप्टेंबरात. अण्णांनी डायरीत प्रत्येक नाव लिहून पुढं कंसात ‘जुने’ असं टाकत नेलं. पण अख्ख्या टूरमध्ये ते बोलताना हॅवलॉकच म्हणत राहिले, आणि दर वेळी पाठोपाठ “म्हणजे आपलं स्वराज” ही पुरवणी जोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा मोठा अपमान झाला. सिडकोत साडेपाचला फाटक वाजतं ते अण्णांचंच, आणि सूर्याच्या आधी उठतो यावर त्यांची अर्धी प्रतिष्ठा उभी आहे. इथं ते साडेपाचला बूट घालून बाहेर आले तर सूर्य चांगला वर येऊन बसलेला, रस्त्यावर ऊन, चहाच्या टपरीवर दुसरी खेप चालू. अण्णांनी घड्याळ कानाला लावलं. मग दिवसभर प्रत्येकाला समजावून सांगितलं, की देशाचं घड्याळ एकच आहे, ते मिर्झापूरच्या अंगानं जाणाऱ्या रेखांशावर लावलंय, आपण त्याच्या पश्चिमेला आणि हे लोक पार पूर्वेला ब्रह्मदेशाखाली, म्हणून इथं सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून आधी येतो. समजावून सांगितलं खरं, पण दुसऱ्या दिवशी ते चारला उठले. काकूंनी सांगितलं, “हरायचं नाही म्हणाले.”

समुद्राशी अण्णांचं वागणं बघण्यासारखं होतं. कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा पोचलो तेव्हा बाकीचे ओरडत पाण्यात शिरले. अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सगळ्यांच्या चपला राखत उभे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एवढं पाणी!” त्यात कौतुक कमी आणि तक्रार जास्त होती. आमच्याकडं पावसाळ्यात दोन माणसं भेटली की नमस्काराआधी “नाथसागर किती टक्के?” असं विचारतात. जायकवाडीचं धरण १९७६ पासून पैठणला उभं आहे, शंभर टीएमसीच्या वर पाणी मावतं, आणि तिथं दर टक्क्यामागं आमचा जीव वरखाली होतो. अण्णांनी क्षितिजाकडं हात केला. “हे किती टीएमसी असेल हो?”

मी म्हटलं, “खारं आहे अण्णा, काय उपयोग?”

“तेच तर,” ते हळहळले. “देवानं दिलं बघा किती, आणि मीठ टाकून ठेवलं.”

राधानगर बीच २००४ साली ‘टाइम’ नियतकालिकानं आशियातला सर्वोत्तम म्हणून निवडला होता, हे गाइडनं सांगितलं तेव्हा अण्णा वाळू मुठीत घेऊन बघत होते. पांढरी, पिठासारखी बारीक. “गोदाकाठी असती तर रात्रीतून हायवा लागले असते. ब्रासला भाव काय आला असता, विचारू नका.” मग कळलं की इथून शंख-शिंपले, प्रवाळ उचलून नेलं तर विमानतळावर अडवतात. अण्णा खूश झाले. हा एक कायदा त्यांनी आपल्याकडं न्यायला पाहिजे अशा यादीत टाकला. त्याच वेळी काकूंच्या पर्समध्ये दोन शिंपले होते. ते अण्णांनीच काढून परत टाकले, आणि वर काकूंनाच सुनावलं.

काकूंचं सांगायचं राहिलं. बिचाऱ्या कधी कुठं काही मागत नाहीत. नॉर्थ बेला त्यांनी एकदम जाहीर केलं की मला ते हेल्मेट घालून समुद्राच्या तळाशी चालायचंय. अण्णा फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचेपर्यंत त्या खाली गेल्यासुद्धा. वर आल्या तेव्हा चेहरा असा की लग्नाच्या अल्बममध्येही नसेल. “अहो, मासे! निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, अगदी नाकासमोर!” अण्णांनी विचारलं, “हवेचा पाइप कितीच्या प्रेशरचा होता?”

सेल्युलर जेलमध्ये ग्रुपमधल्या एका ताईंनी सावरकरांची समुद्रावरची ती प्रसिद्ध कविता म्हणायला घेतली. गळा भरून आला होता त्यांचा. दोन ओळी झाल्या आणि अण्णांनी हात वर केला. “ती इथली नाही. ती १९०९ ची, विलायतेत ब्रायटनच्या किनाऱ्यावरची. इथली ‘कमला’. ती इथं भिंतीवर कोरून पाठ केली.” बरोबर होतं त्यांचं. पण वेळ चुकली. ताई त्यांच्याशी पुढचे दोन दिवस बोलल्या नाहीत.

पुढं कोलूपाशी मात्र अण्णांचं सगळं ताडून बघणं थांबलं. रोज तीस पौंड खोबरेल काढायचं, कमी पडलं तर फटके, असं गाइड सांगत होता. अण्णांनी मनात साडेतेरा किलो केले. मग वाकून, चष्मा वर सरकवून, तो दांडा कुठून फिरतो, जोर कुठं येतो, हे एखादं बंद पडलेलं मशीन बघावं तसं बघितलं. आयुष्यभर मशीनवर माणसं आणि माणसांवर मशीनं सांभाळलेला माणूस. “याला बेअरिंग नाही, काही नाही,” एवढंच म्हणाले. “सगळा लोड माणसावर.” वरच्या मजल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट समजली. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं खपून बांधलेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यातून निघालेल्या सात इमारती होत्या. आता तीनच उरल्यात. आणि एकीची दारं दुसरीच्या पाठीकडं, म्हणजे कैद्याला समोर कुणाचं तोंडच दिसू नये. बाबाराव आणि विनायकराव सावरकर, सख्खे भाऊ, एकाच तुरुंगात असून कितीतरी दिवस एकमेकांना माहीत नव्हते. रोज सकाळी गेटपाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या तीस माणसांना “काय, झालं का पाणी?” विचारणारे अण्णा कठड्याला धरून उभे राहिले. “शेजाऱ्याशी बोलायचंच नाही म्हणजे,” ते हळू म्हणाले, “लई वाईट.” संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमातही ते गप्प होते. मला वाटलं, आता परतेपर्यंत असेच राहतील.

कसले राहतात. दुसऱ्या दिवशी बारातांगच्या चुनखडीच्या गुहा होत्या. पहाटे तीनला उठून, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यासोबत, फोटो काढायचा नाही अशा सक्त ताकिदीखाली, मग फेरी, मग खारफुटीतून बोट, मग चिखलातली वाट. एवढं करून गुहेत शिरलो. गाइडनं टॉर्च मारला, “ये देखिए हाथी. ये देखिए गणेशजी. थोडा इधर से देखिए.” सगळे मान वाकडी करून गणपती शोधायला लागले. वेरूळच्या जिल्ह्यातला माणूस हे किती वेळ सहन करणार? “असा शोधायचा कशाला? आपल्याकडं कोरलेलाच असतो!” आणि त्या अंधारात त्यांनी अख्ख्या ग्रुपला कैलास लेणं सांगितलं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, एक अखंड दगड, आणि आधी कळस, मग पाया, असं वरून खाली कोरत आणलेलं. एकूण लेणी चौतीस. मंगळवारी बंद. गाइडनं टॉर्च त्यांच्याकडंच धरला होता. बाहेर आल्यावर त्यानं वेरूळला जायचं कसं, ते विचारून घेतलं. अण्णांनी पाकीट काढून त्याला दोन्ही नोटा दाखवल्या.

घरी भाडेकरूला रोजचे फोन चालूच होते. बोटीतून, बसमधून, राधानगरच्या सूर्यास्तासमोरूनसुद्धा. “आला का?” एवढंच. नाही म्हटलं की “बरं,” आणि फोन बंद. हॉटेलात शॉवरखाली त्यांनी एकदाही अंघोळ केली नाही. बादली आणि तांब्या मागून घेतला. तिथला मुलगा तांब्या म्हणजे काय ते कळायला तीनदा वर-खाली करून आला. आणि दुसऱ्या रात्रीपासून बाल्कनीत एसीच्या पाइपखाली दुसरी बादली लागली. रात्रभर टपटप. काकू म्हणायच्या, “झोप येत नाही हो.” अण्णा म्हणायचे, “मला छान येते.” सकाळी भरलेली बादली उचलून ते खालच्या जास्वंदीला घालून यायचे.

शेवटच्या दिवशी दुपारी हॉटेलच्या मॅनेजरनं त्यांना बादलीसकट पकडलं. मूळचा श्रीकाकुळमचा, दोन पिढ्या इथंच वाढलेला तेलुगू माणूस. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. तो म्हणाला, “साब, बहुत अच्छा किया. गर्मी में पानी का बहुत प्रॉब्लेम है.”

अण्णांनी बादली खाली ठेवली. “तुमारे इधर भी? नल कितने दिनसे आता?”

कधी एक दिन छोड़के, कधी तीन दिन. धनीखारी धरणात पाणी उतरलं की टँकर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण साठवायला जागा नाही, सगळं वाहून समुद्रात. अण्णांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो राधानगरलाही पडला नव्हता. “अगं ऐकलं का,” त्यांनी वरच्या बाल्कनीकडं बघून हाक मारली, “इथं पण टँकर!” मग मॅनेजरला त्यांनी मलिक अंबरची नहर सांगितली, पाणचक्कीला मैलोन् मैल मातीच्या नळातून पाणी कसं यायचं ते सांगितलं, आपला सातशे मिलिमीटर पाऊस सांगितला. त्यानं टँकरचा दर सांगितला, अण्णांनी आपल्याकडचा. दोघांनी एकमेकांच्या गावच्या पाणीपुरवठ्याला मनसोक्त शिव्या दिल्या आणि दोघंही मागच्या अंगाला हौद बघायला गेले.

चिडिया टापूला सूर्यास्त बघायला निघायची वेळ चारची होती. या बेटांवरची सगळ्यात नामी जागा म्हणून टूर मॅनेजर पोरगा पहिल्या दिवसापासून सांगत होता. बस भरली, हॉर्न झाला, अण्णांचा पत्ता नाही. मी शोधत मागं गेलो. हौदाचं झाकण उघडं, हॉटेलचा मॅनेजर मोबाइलचा टॉर्च धरून उभा आणि अण्णा गुडघ्यावर बसून खांद्यापर्यंत हात आत घातलेले.

“अण्णा, बस थांबलीय. सूर्य मावळेल.”

“मावळू द्या. आपल्याकडंही मावळतो,” आतून आवाज आला. “तुम्ही व्हा पुढं. यांचा व्हॉल्व्ह उलटा बसवलाय. भैया, बारा-तेरा का पाना है क्या?”