कोंबड्यांचा गड कसा लढवावा

परसात चार गावठी कोंबड्या पाळणे म्हणजे किल्लेदारी पत्करणे होय. पगार अंड्यांत मिळतो, शत्रू चहूबाजूंनी असतात आणि शिबंदीला धड उडताही येत नाही.

प्रथम शत्रू ओळखावा. अंडी गेली आणि टरफलाचा तुकडाही मागे नाही, तर धामण किंवा नाग येऊन गेला. तो अख्खे अंडे गिळतो. टरफले फुटून पडली असतील तर संशय मुंगसावर. भरदिवसा अंगणातून पिल्लू उचलले गेले तर वर बघावे, घार असेल. एका रात्रीत पाच-सहा कोंबड्या मेल्या आणि खाल्ली मात्र एखादीच, तर बहुधा कांडेचोर किंवा रानमांजर.

मुंगूस दिवसा हिंडते. मालक बॅटरी घेऊन रात्री पहारा देतो आणि दुपारी जेवून आडवा होतो, त्यामुळे दोघांची गाठ कधी पडत नाही. मुंगसाचे तोंड दिसणे शुभ मानतात. कोंबड्यांचे मत कोणी घेतलेले नाही.

आता तटबंदी. षटकोनी भोकांची स्वस्त कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते. कुत्र्याला बाहेर ठेवणे तिच्या कामात बसत नाही, दातांनी ओढली की उसवते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी. दुकानदार म्हणेल, एक इंचीही चालते. चालते, उंदरालाही चालते. जाळी फूटभर जमिनीत गाडावी, नाहीतर बुडापासून बाहेर दीड-दोन फूट आडवी अंथरून वर माती-दगड टाकावेत. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटूनच उकरतो. दोन फूट मागे सरकून सुरुवात करण्याइतके नियोजन सुदैवाने त्याला जमत नाही. कौले आणि भिंत यांतली फट हवेसाठी ठेवली असेल तर तिलाही जाळी मारावी, कांडेचोर हवा खायला तिथूनच येतो.

गड पडतो तो मात्र दरवाजातून. कडीत आधी खिळा असतो, मग काटकी, मग मुलांचे संपलेले बॉलपेन, मग काहीच नाही. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत, म्हणजे एकट्याला फितुरी करता येऊ नये. आपल्या घरीही तिघे असतात आणि दार दुसऱ्याने लावले असेल अशी प्रत्येकाची खात्री असते. तेव्हा दिवेलागणीला एकानेच कोंबड्या मोजाव्यात आणि कडी लावावी.

शत्रूला मारण्याचा विचार मनात आणू नये. मुंगूस, कांडेचोर, धामण, नाग या सर्वांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. कोंबडीला नाही. आखाडात घरातूनच होणारे हल्ले या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहेत.

राखणीला कुत्रा ठेवा, असे सगळेच सुचवतात. जुन्नर-आंबेगावकडे हा सल्ला जपून घ्यावा. तिथे उसात बिबटे आहेत आणि कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे खाणे. म्हणजे अंधार पडला की राखणदारालाही आत घ्यावे लागते. खुराड्यात घेऊ नये.