घाटनिर्णय

कोल्हापूरहून पणजीला जावयाचे तर अंतर दोनशे किलोमीटरांच्या थोडेसेच वर भरते. परंतु ते तोडण्यास जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ कोणत्या घाटाने उतरावे हे मुक्रर करण्यात जातो, आणि या दिरंगाईचा दोष मी आमच्या कुटुंबापेक्षा सह्याद्रीच्या पदरी अधिक घालतो. खाली उतरण्यास एकच वाट असती तर आमच्या घरात लोकशाही शिरलीच नसती. पण गगनबावड्यासारख्या एवढ्याशा गावातून करूळ आणि भुईबावडा असे दोन-दोन घाट सुटतात, दक्षिणेस फोंडा, आंबोली, तिलारी तिष्ठत असतात, आणि एवढ्यानेही ज्याचे समाधान होत नाही त्याच्याकरिता बेळगावपलीकडे चोर्ला व अनमोड हजर आहेतच.

दिवाळी उलटल्यावर निघावयाचे ठरले आणि तात्यांच्या अध्यक्षतेखाली मसलत बसली. तात्यांची सारी हयात महसूल खात्यात गेल्यामुळे प्रश्न सुटण्यापेक्षा त्याची नोंद नीट होण्यावर त्यांचा कटाक्ष असतो. पहिला अर्ज आत्याचा. कुलस्वामिनी कवळ्याची शांतादुर्गा; सबब अनमोडाने उतरून, मोले मागे टाकून, थेट देवीपुढे उभे राहावे, कारण आंबोलीने गेल्यास आधी म्हापसे लागते, म्हापशात मासळी लागते, आणि मग सुरमई खाल्लेल्या तोंडाने देवीचे नाव घेण्याचा प्रसंग येतो. युक्तिवाद बिनतोड होता. परंतु अनमोडच्या वाटेवर बेळगाव आहे आणि बेळगावात कुंदा आहे हे ध्यानी येताच आमच्या मधुमेही काकांनी त्यास इतक्या उत्साहाने अनुमोदन दिले की काकूंनी तो मार्ग जागच्या जागी नामंजूर केला. त्याच निकालात चोर्लाही निघाला.

पुतण्याला दाजीपूर हवे होते. तेथील गव्यांचे अभयारण्य १९५८ सालचे, महाराष्ट्रातील पहिले, ही माहिती त्याने घोकूनच आणली होती. पण गवा न दिसल्यास तो रडणार आणि दिसल्यास वडील मंडळी, म्हणून फोंडा घाट तहकूब झाला. तिलारीची सूचना जावईबापूंची. तो उतार किती उभा आहे हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे, आणि जावयास नाही म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नसल्यामुळे, ती आदरपूर्वक विचारार्थ ठेवण्यात आली. म्हणजे तिचे काय झाले ते जाणत्यांनी जाणावे.

उरली आंबोली. रस्ता सोयीचा, परंतु तात्यांची हरकत तात्त्विक होती. कागल सोडले की कर्नाटक लागते, निपाणीहून वळून आजऱ्याकडे निघाल्यावर पुन्हा महाराष्ट्र. महाराष्ट्रातून गोव्यात जाण्यासाठी तिसऱ्याच राज्यात पाऊल टाकावे लागावे, हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने केलेला अपमान त्यांना आजतागायत पचलेला नाही. अखेर, निषेधादाखल निपाणीत चहा घ्यावयाचा नाही, या अटीवर ते नरमले. आईने लगेच छत्र्या काढल्या. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडणाऱ्या गावाचा केवळ पंचांगाच्या भरवशावर विश्वास धरावयास ती तयार नव्हती.

एवढ्यात भाड्याच्या गाडीचा चालक विसार न्यावयास आला. आमची चर्चा त्याने उंबऱ्यावर उभे राहून शांतपणे ऐकली.

“चालू द्या तुमचं,” तो म्हणाला, “पर गाडी आंबोलीनंच जाणार. आजऱ्यातनं घनसाळचं पोतं उचलायचंय, सावंतवाडीला पोरीकडं टाकायचंय.”

तात्यांनी वहीत ‘सर्वानुमते आंबोली’ अशी नोंद केली व खाली लपेटीदार सही ठोकली. सभा उठणार, तोच इतका वेळ मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या मामांनी खाकरून विचारले की, जातानाचे ठीक आहे, पण गोव्याहून परतताना अबकारी खात्याचा नाका कोणत्या घाटात नसतो? आत्या आत निघून गेली, आणि सतरंजीवर पुन्हा नकाशा पसरण्यात आला.