नखभर शिक्षण

सर्व इच्छुक उमेदवारांस कळवण्यात येते की, नखं रंगवणं हा आता छंद राहिलेला नसून 'करिअर' झालेलं आहे. पालमसारख्या तालुक्याच्या गावात बसल्या जागी मोबाइलवर जाहिरात येते : सात दिवसांत नेल टेक्निशियन व्हा, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवा. हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र बहुधा जवळच्या शहरात एखाद्या मोबाइल शॉपीच्या वरच्या मजल्यावर मिळतं. त्यावरचा सोनेरी शिक्का एवढा मोठा, की उमेदवाराचं नाव कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवावं लागतं. पैसे भरण्यापूर्वी पुढील मजकूर शांतपणे वाचावा. वाचताना नखं कुरतडू नयेत; मालाची नासाडी होते.

धंदा नवा आहे, असं प्रथम कुणाला वाटू देऊ नये. गावगाड्यात न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नऱ्हाणी असायची. अख्ख्या गावाची नखं त्या एका हत्यारावर निघायची आणि मोबदला सुगीला, धान्यात. त्यानं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं नाही, कारण पाराला भिंत नसते. त्याची आठवण सरकारला आहे : १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत नाभिक आहे. जेल-पॉलिशवाली नाही. तेव्हा त्या रांगेत उभं राहून दिवस घालवू नये.

फी रुपयांत विचारू नये, रुपये फसवे असतात. लाडक्या बहिणीचा १,५०० चा हप्ता हे हल्ली खरं माप. १५,००० फी म्हणजे दहा हप्ते, आणि त्यातल्या निम्म्यांवर घरात कुणाची तरी आधीच नजर असते. मग 'किट फीमध्ये की वेगळं?' हा प्रश्न विचारावा. उत्तर द्यायच्या आधी क्लासच्या मॅडमनी पाणी मागवलं, तर किट वेगळं. प्रवासाचं मात्र बरं आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. क्लाससाठी नांदेडला जाऊन येणं अर्ध्या तिकिटात होतं. दिवस तेवढा पूर्ण जातो.

फुकटचे कोर्सही आहेत, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असतात. त्यांच्या ब्युटी पार्लरच्या प्रशिक्षणाला फी नाही, राहणं-जेवणंही तिकडेच. काही आयटीआयमध्ये दहावीनंतर वर्षभराचा कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड असतो. वर्षभर म्हटलं की उमेदवाराचा चेहरा पडतो, कारण मोबाइलवाल्या मॅडम सात दिवसांत उरकतात. शिवाय इथं आयब्रो, फेशियल, केस हे सगळं शिकावं लागतं आणि नखांच्या वाट्याला कोपरा येतो. माझं मत विचाराल तर तालुक्याच्या गावात पोट भरतो तो आयब्रोचा दोरा. नखं तुळशीच्या लग्नानंतर, लग्नसराई लागली की.

आता नाकाची परीक्षा. क्लासात शिरताच डोळ्यांतून पाणी आलं, तर ते शिक्षणाच्या ओढीनं आलेलं नसतं. अॅक्रिलिक म्हणजे भुकटी आणि द्रव मिसळून घट्ट होणारं प्लास्टिक. दातांच्या कवळीचं भाऊबंदच. त्यातला एमएमए हा स्वस्त द्रव १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नखांच्या बाजारातून हटवायला लावला होता. तो इतका टणक बसतो की धक्का लागला तर खोटं नख तुटत नाही, खऱ्याला उपटून घेऊन जातं. बाटलीवर काय लिहिलंय, हे विचारावं. 'इंपोर्टेड आहे' हे त्याचं उत्तर नव्हे. युरोपनंही १ सप्टेंबर २०२५ पासून जेल-पॉलिशमधला टीपीओ नावाचा घटक बंद केला आहे. बंद झालेला माल कुठं जात असेल, यावर उमेदवारानं बसमध्ये विचार करावा.

दुसरी परीक्षा लाइटीची. जेल वाळत नाही, दिव्याखाली पिकतं. दिवा चालू असतानाच लाइट गेली, तर जेल वरून कडक आणि आतून कच्चं राहतं. हे कच्चं जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागलं, की खाज, पुरळ, बोटं सोलणं सुरू होतं. एकदा अॅलर्जी बसली की जन्मभराची. पुढं दातात सिमेंट भरतानाही आड येऊ शकते. आणि ती गिऱ्हाइकाआधी कारागिराला गाठते. म्हणून जो क्लास पहिल्या दिवशी फुलं-फुलपाखरं शिकवतो तो सोडावा. जो 'जेल कातडीला लागू देऊ नको' एवढंच आठवडाभर घोकून घेतो, तिथं पैसे भरावेत. लाइट गेली तर काय करता, हेही विचारावं. 'आमच्याकडे जात नाही' असं सांगणाऱ्या क्लासाचा पालमला उपयोग नाही.

तिसरी परीक्षा कोणत्याच क्लासात होत नाही. तिथल्या टेबलावर प्लास्टिकचा हात असतो : गोरा, लांब बोटांचा, गप्प बसणारा. पालमचा हात कापूस वेचतो. बोंडाच्या टोकांनी कडेची कातडी फाटलेली, भांड्यांच्या पावडरीनं नखं पांढरी पडलेली. लांब नखं लावून रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला, तर तो सपाट टेकतच नाही. मशीन 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं आणि मागची रांग त्याहून पुष्कळ काही म्हणते. दवाखान्यात बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावायचा, तर गडद रंगामुळे आकडा चुकू शकतो. सिस्टर आधी रंग काढायला लावते. तेव्हा आखूड नख, फिका रंग आणि लावलेलं जेल न ओरबाडता काढायची रीत शिकवणारा क्लास शोधावा. काढायला शिकवणारे फार थोडे. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. ओरबाडलेलं पूर्ण निघून जायला सहा महिने लागतात, आणि गाव एवढं लहान की त्या सहा महिन्यांत गिऱ्हाईक रोज भेटतं.

सरावासाठी घरातली मावशी घ्यावी. ती म्हणेल, "कामून गं? म्या काय नवरी हाय का?" तरी बसवावी. दहा बोटांना दीड तास लागेल. शेवटी ती हात दिव्याकडे धरून बघेल, उलटा करून बघेल, शेजारणीला हाक मारेल आणि म्हणेल, "लई देखणं झालं बाई. आता जवारीच्या भाकरी कोण थापणार?"

त्या रात्रीच्या भाकरी उमेदवारानंच थापाव्यात.