आवाजाला ताकद म्हणू नका

तीनशे-चारशे डॉलर मोजून माणूस आपल्या पिकअपला बाहेरचा ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवतो, तेव्हा तो नेमकं काय विकत घेतो? बहुतेक वेळा आवाज. पाय दाबला की बॉनेटखालून उठणारा, छातीत घुमणारा आवाज. तो आवडतो म्हणून घेतला, तर माझं काहीच म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते खोक्यावर छापलेल्या जादा हॉर्सपॉवरच्या आकड्याशी. आणि त्याहून जास्त, ‘मायलेजही वाढतं’ या थापेशी.

अमेरिकेत हा बाजार फोफावणारच. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. ह्यूस्टन-डॅलसकडे आपल्या मराठी घरांसमोरही आता पिकअप उभी दिसते. नवी गाडी दारात आली की कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, ‘आधी इनटेक बदल.’ थँक्सगिव्हिंगच्या सवलती लागल्या की तो सल्ला खोक्याच्या रूपाने घरी येतो. सल्ला देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तुझ्या गाडीवर तू काही मोजलंस का? उत्तरादाखल तो तुम्हाला आवाज ऐकवेल.

सिद्धांत खोटा नाही. थंड हवा दाट असते, दाट हवेत प्राणवायू जास्त असतो, त्यामुळे इंजिनाला जास्त इंधन जाळता येतं. आत शिरणारी हवा तीन अंश सेल्सियसने थंड झाली की तिची घनता साधारण एक टक्क्याने वाढते. बॉनेटखालची ६० अंशांची हवा आणि बाहेरची ३० अंशांची हवा यांच्या घनतेत जवळपास दहा टक्क्यांचं अंतर पडतं. चारशे हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हे अंतर जाणवतं.

पण हे गणित फोर्ड, शेवरले आणि टोयोटाच्या इंजिनियरांना ठाऊक नव्हतं, असं समजायचं का? आजच्या बहुतेक पिकअप कारखान्यातून निघतानाच बाहेरची हवा घेतात. एअर बॉक्सचं तोंड ग्रिलमागे किंवा फेंडरच्या पोकळीत उघडतं. थंड हवेचे पैसे तुम्ही गाडी घेताना भरलेलेच असतात. उलट स्वस्तातल्या पुष्कळ संचांमध्ये हा बंद डबा काढून टाकतात आणि इंजिनाशेजारी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवतात, बाजूला पत्र्याचा एक अर्धवट आडोसा. सिग्नलला गाडी थांबली की हा फिल्टर रेडिएटरवरून आलेली तापलेली हवा ओढत बसतो. खोक्यावर ‘कोल्ड’ लिहिल्याने ती हवा थंड होत नाही.

खात्री करून घ्यायला पंचवीस-तीस डॉलर पुरतात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मॉडेलांमध्ये ओबीडी-२ ची जोडणी असते. तिथे छोटा स्कॅनर लावा, आत येणाऱ्या हवेचं तापमान फोनवर बघा आणि हायवेवर बाहेरच्या तापमानाशी ताडून पाहा. फरक चार-पाच अंशांचा निघाला, तर थंडाव्यापोटी नवा इनटेक तुम्हाला फार तर दीड टक्का देऊ शकेल, तोही पूर्ण बाहेरचीच हवा आत आणली तर. ही तपासणी केल्याशिवाय इनटेक घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मायलेज. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. सपाट हायवेवर एका वेगाने गाडी चालते तेव्हा ती बरीचशी मिटलेली असते, कारण तेवढ्या वेगाला तेवढीच हवा लागते. हवा अडते ती तिथे, आणि मुद्दाम अडवलेली असते. तिच्या मागचा फिल्टर कितीही मोकळा करा, नळाची चावी अर्धी बंद ठेवून मागचा पाइप जाड केल्यासारखंच ते. शिवाय इंजिनाचा संगणक आत आलेल्या हवेच्या मापाने पेट्रोल सोडतो, वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. जास्त हवा आत गेलीच, तर जास्त पेट्रोलही जाणार. यात बचत कुठून यायची?

ज्याला माझं पटत नसेल त्याने ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीचा २००९ सालचा अहवाल वाचावा. तिथल्या संशोधकांनी गाड्यांचे एअर फिल्टर मुद्दाम तुंबवून चाचण्या घेतल्या. इंधन इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांच्या मायलेजवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. पूर्ण ऍक्सिलरेटर दाबून वेग घ्यायला मात्र त्या गाड्यांना जास्त वेळ लागला. मायलेजवर परिणाम दिसला तो कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत. तुंबलेल्या फिल्टरने मायलेज घटत नसेल, तर स्वच्छ फिल्टर काढून ‘आणखी मोकळा’ बसवल्याने ते वाढणार कसं? हा प्रश्न विक्रेत्याला तोंडावर विचारायला हवा.

खोक्यावरचा हॉर्सपॉवरचा आकडाही नीट वाचा. तो डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मिळालेला सर्वात वरचा आकडा असतो: ऍक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास, आणि बऱ्याचदा बॉनेट उघडं व समोर मोठा पंखा. तुमची गाडी रोज ऑफिसला जाताना दोन हजार फेऱ्यांवर फिरते, बॉनेट बंद असतं आणि पुढे पंख्याऐवजी दुसऱ्या गाडीचा एक्झॉस्ट असतो. एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन डायनो चाचण्यांतही एक-दोन टक्क्यांचं अंतर पडतं. चारशे हॉर्सपॉवरवर ते चार ते आठ हॉर्सपॉवर झालं. एकुलत्या एका आलेखावर पाच-सात हॉर्सपॉवर जास्त दिसले, तर तो वाढीचा पुरावा नाही.

टर्बो इंजिनांत हा व्यवहार आणखीच पातळ होतो. एफ-१५० मध्ये २०११ पासून साडेतीन लिटरचं इकोबूस्ट इंजिन मिळतं. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते, पार शंभर अंशांच्या पुढेही जाते. मग इंटरकूलर तिला थंड करतो. तोंडाशी वाचवलेल्या चार अंशांतलं शेवटी सिलिंडरपर्यंत फारसं काही उरत नाही.

डिझेलवाल्यांनी तर हात आखडताच घ्यावा. १९८९ पासून डॉजच्या, म्हणजे आजच्या रॅमच्या, पिकअपमध्ये कमिन्सचं डिझेल इंजिन येतं. पुण्यात १९६२ पासून ज्या कमिन्सची इंजिनं बनताहेत तीच ही कंपनी. तिथे काम केलेला कुणीही सांगेल, डिझेल इंजिन मुळातच गरजेपेक्षा जास्त हवा घेतं आणि ताकद ठरते ती इंधन किती सोडलं यावर. ट्यूनिंग न बदलता नुसती हवा वाढवून काही हाती लागत नाही. अनेक डिझेल पिकअपच्या एअर बॉक्सवर फिल्टर किती तुंबला हे दाखवणारा छोटासा दर्शक असतो. त्याची खूण जागची हललेली नसेल, तर फिल्टर तुमच्या इंजिनाला अडवत नाही.

इथवर प्रश्न पैशांचा होता, पुढचा इंजिनाच्या आयुष्याचा आहे. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्या मारतं तेव्हा हिशेबाने सेकंदाला अडीचशे लिटर हवा गिळतं. त्या हवेतली धूळ अडवायला मध्ये फक्त एक फिल्टर. ‘मोकळा श्वास’ हे शब्द इनटेकच्या जाहिरातीत हमखास सापडतात, धुळीबद्दल मात्र मौन. वाळूचे बारीक कण रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये गेले की ते धातू घासत राहतात. इंजिन ऑइल खाऊ लागतं, कॉम्प्रेशन उतरतं, आणि ही झीज कुठल्याही ऍडिटिव्हने भरून निघत नाही. खडीच्या रस्त्यावर, बांधकामावर, वेस्ट टेक्सासच्या तेलक्षेत्रात पिकअप चालवणाऱ्याने फिल्टरला आधी हेच विचारावं: तू किती धूळ अडवतोस?

त्याचं उत्तर मिळण्याची सोय आहे. आयएसओ ५०११ ही फिल्टर तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. फिल्टर किती धूळ पकडतो, हवेला किती अडवतो आणि तुंबण्याआधी किती धूळ साठवतो, हे तिन्ही त्यात मोजता येतं. तेवढ्याच आकाराच्या फिल्टरमध्ये एक गुण वाढवताना दुसऱ्याला चाट बसते. म्हणून जी कंपनी हवेचा प्रवाह ठळक छापते आणि धुळीचा आकडा छापत नाही, तिचा माल मी घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका.

तेल लावलेला सुती फिल्टर की कोरडा? माझं मत कोरड्याच्या बाजूने आहे. सुती फिल्टर धुवून पुन्हा वापरता येतो हे खरं, पण धुतल्यावर तेल बेताने लावायला हात सराईत लागतो. जास्त झालं तर ते हवेबरोबर पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसू शकतं आणि मग संगणकाला हवेचं माप चुकीचं मिळतं.

सेन्सरचा विषय निघालाच आहे तर नळीच्या व्यासाकडे बघा. हवा मोजणारा हा सेन्सर, म्हणजे एमएएफ, असलेल्या इंजिनात संगणक मूळ नळीचा व्यास धरूनच हिशेब करतो. सेन्सरच्या जागी नळी रुंद झाली की हवेचा वेग मंदावतो, हवा कमी आली असं संगणकाला वाटतं आणि तो पेट्रोल कमी सोडतो. ऑक्सिजन सेन्सर काही मर्यादेपर्यंत चूक सावरतो. मर्यादा ओलांडली की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१७१ किंवा पी०१७४ हे कोड येतात. दिव्याचं मला फारसं वाटत नाही. भीती वाटते ती मागे ट्रेलर, चढाचा रस्ता आणि पूर्ण दाबलेला पाय असताना इंधन कमी पडण्याची. पिकअप ओझं ओढण्यासाठी घेतलेली असते, आणि नेमकं तेव्हाच पिस्टन तापून निकामी होण्याचा धोका वाढतो. ‘ट्यूनिंगची गरज नाही’ असं तुमच्या इंजिनाचं आणि मॉडेल वर्षाचं नाव घेऊन लिहिलेलं नसेल, तर तो संच दुकानातच राहू द्या.

ऍल्युमिनियमची नळी की प्लॅस्टिकची, या वादात वेळ घालवू नका. इंजिन जोरात असताना हवा त्या मीटरभर नळीतून सेकंदाच्या तिसाव्या हिश्शात निघून जाते. तेवढ्यात तापणार ती किती? त्यापेक्षा डबा पूर्ण बंद आहे का, झाकणाचं रबर घट्ट बसतं का, क्लॅम्प चांगले आहेत का, हे पाहा. फिल्टर कितीही उत्तम असो, शेजारच्या फटीतून शिरलेली धूळ सरळ इंजिनात जाते.

फिल्टर किती उंचीवर आहे तेही पाहा. थंड हवेच्या हव्यासाने काही रचनांत फिल्टर बंपरच्या मागे, चाकाच्या पातळीपर्यंत खाली नेतात. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाच्या पुरात ह्यूस्टनचे रस्ते ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेलं.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी संचाला तिथल्या हवा मंडळाचा, म्हणजे कार्बचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक आहे ना आणि तो आपल्याच गाडीला लागू आहे ना, हे तपासावं. वाहन संहितेच्या कलम २७१५६ नुसार त्याशिवाय असा भाग बसवता येत नाही, आणि स्मॉग तपासणीत बॉनेट उघडून बघतात. वॉरंटीच्या बाबतीत मात्र डीलरच्या धमकीला घाबरू नका. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरचा भाग दिसला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागानेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. पण तुमच्या फिल्टरच्या तेलाने सेन्सर खराब झाला असेल, तर ते दाखवणं त्यांना अवघड नाही.

महाराष्ट्रात हायलक्स किंवा व्ही-क्रॉस बाळगणाऱ्यांनी यातलं एवढंच घ्यावं: दोन्ही टर्बो डिझेल आहेत, आपल्याकडे धूळ भरपूर आहे आणि पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचतं. कारखान्याचा बंद डबा काढून टाकण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

मग इनटेक कुणी घ्यावा? टर्बो नसलेलं मोठं पेट्रोल इंजिन असेल, त्याचं ट्यूनिंग करून घेतलं असेल आणि पूर्ण ऍक्सिलरेटरवर चालवण्याचे प्रसंग खरोखर येत असतील, त्याने जरूर घ्यावा. बंद डब्याचा, कोरड्या फिल्टरचा, धुळीचा आकडा छापलेला. बाकीच्यांनी वीस-तीस डॉलरचा कागदी फिल्टर वेळेवर बदलावा आणि उरलेले पैसे चांगल्या टायरांवर घालावेत. पिकअप थांबवायला आणि ओल्या रस्त्यावर सांभाळायला ते उपयोगी पडतात.

आणि ज्यांनी इनटेक बसवून टाकलाय त्यांना माझी विनंती आहे. येत्या शनिवारी गाडी थंड असताना फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडे जाणारी नळी सोडवा आणि सेन्सरला धक्का न लावता तिच्या आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्याला धूळ लागली, तर खोकं शोधा, मूळ एअर बॉक्स परत बसवा आणि विक्रेत्याकडे पैसे मागा.