शेतात सापडलेले पदक ओळखण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पूर्वी गुप्तधन हुडकायला पायाळू माणूस लागायचा. आता धातुशोधक यंत्र लागते. पायाळू जेवण मागायचा, हे सेल मागते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या काळ्या शिवारात यंत्र कुठेही ओरडते. तिथे खोदावे. आधी ट्रॅक्टरचा नट निघेल, मग बैलाच्या पायाची पत्री. मालकाची परवानगी घेऊन, दिवसाउजेडी खोदावे. सोबत लिंबू-हळदकुंकू चुकूनही नको. गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतात.

गोल चकती निघाली, की पारावर तिची ओळखपरेड आपोआप भरते. पहिला म्हणेल, "शिवकालीन." दुसरा म्हणेल, "निजामाची हाय बा." याला फार हसू नये. वऱ्हाडात १८५३पासून कारभार इंग्रजांचा असला तरी कागदोपत्री मालकी निजामाचीच होती. तिसरा घरून मूठभर तांदूळ आणेल; चकती तांदूळ ओढते का, ते बघायला. ओढत नाही. ओढेल म्हणून लाखो रुपये मागणारा माणूस मात्र जिवंत असतो, त्याच्यापासून लांब राहावे. रामदरबार आणि १८१८ साल असलेल्या 'ईस्ट इंडिया कंपनीच्या नाण्या'चेही तेच. कंपनीने तसे नाणे पाडलेलेच नाही.

आता खरी परीक्षा. किंमत लिहिलेली नाही आणि वर कडी किंवा तिची मोडकी खूण आहे, तर बहुधा ते पदक. राजा-राणी दोघे आणि मागे फारसी मजकूर असेल, तर १९११चा दिल्ली दरबार. चांदीचे, ३६ मिलिमीटरचे, एकीकडे पाचवा जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावर नागडा स्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे असतील, तर पहिले महायुद्ध. या स्वाराला खंडोबा समजून भंडारा उधळू नये; खंडोबा कपड्यांत असतो.

राजाचे तोंड बघून झाले असेल, तर पदक आडवे धरून भिंगातून कड बघावी. युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तिथे ११० किंवा ११७ नंबरची मराठा पलटण निघाली, तर शिवारातून थेट मेसोपोटेमियात पोचलात म्हणून समजा. या दोन्ही पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या. हा सगळा माग कडेवरच्या अक्षरांतून लागतो, म्हणून चिंच, राख, तारेची घासणी यांतले काहीही लावू नये. राजा चकचकीत होईल आणि कडेवरचा शिपाई घासून जाईल. साध्या पाण्याने माती सोडवावी, सावलीत वाळू द्यावे.

शेवटचे काम कागदाचे. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरची वस्तू जमिनीत सापडली, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपये तेव्हाचे, कायदा अजून चालू. म्हणजे बुलढाण्याची एक चक्कर आली. अर्जात वर्णन, जागा, तारीख आणि अंदाजे किंमत लिहावी. किंमत विचारायला सोनाराकडे जाऊ नये; तो आधी वजन करील आणि मग विचारील, "मोडीत देता का?"