शुद्ध खातेदार

आपल्या खात्यात नुसते पैसे असतात. अण्णांच्या पैशाला चारित्र्य असतं. तो पैसा गुत्त्यावर जात नाही, तंबाखूच्या वखारीत दिसत नाही, कोळशाच्या खाणीत उतरत नाही. निदान अण्णांचा तसा आग्रह आहे, आणि आमच्या कर्वेनगरात अण्णांच्या आग्रहापुढे फारसं कोणाचं चालत नाही. काकूंचं चालतं, त्यावर पुढे येतोच.

हे सगळं सुरू झालं पुतण्यामुळे. तो नेदरलँड्समध्ये असतो. तिथे त्रिओदोस नावाची एक बँक १९८० पासून आहे आणि आपण कोणाकोणाला कर्ज दिलं हे ती चक्क जाहीर करते, असं तो एकदा व्हिडिओ कॉलवर बोलून गेला. तो विसरला, अण्णा विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आपल्या मोठ्या बँकेत टोकन घेऊन बसले.

“माझे पैसे तुम्ही कोणाला देता?”

खिडकीपलीकडच्या मुलीने घाबरून संगणकात पाहिलं. “कोणालाच नाही दिले काका. सगळे आहेत.”

“तसं नाही. कर्ज म्हणून कोणाला देता?”

“कर्ज हवंय का? ते वरच्या मजल्यावर.”

वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी ‘ते गोपनीय असतं’ असं सांगून विम्याचं एक पत्रक हातात ठेवलं. अण्णांनी त्याच आठवड्यात खातं बंद केलं आणि एका छोट्या सहकारी बँकेत उघडलं.

तेव्हापासून त्यांच्याकडे दोन भाषणं तयार असतात. पहिलं बडोद्याचं: १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी तिथे ‘अन्योन्य’ मंडळी काढली, शेजाऱ्याचा पैसा शेजाऱ्याच्याच उपयोगी पडावा म्हणून. दुसरं म्हसवडचं: चेतना सिन्हांनी माणदेशातल्या बायकांची बँक काढायला घेतली तेव्हा बायका अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. बायका लिहायवाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशोब आम्हाला तोंडी विचारा, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करू द्या. १९९७ साली बँक उभी राहिली. ही गोष्ट अण्णा सांगतात तेव्हा ऐकणारा खरोखर गप्प होतो. मग अण्णा त्याला फॉर्म देतात.

आता आपल्या बँकेने कर्ज कोणाला दिलंय हे अण्णांना कसं कळतं? रिक्षांच्या पाठीवर रंगवलेलं असतं: अमुक बँकेच्या अर्थसाहाय्याने. अण्णा फक्त त्याच रिक्षात बसतात. भर पावसात, समोरून रिकाम्या रिक्षा जात असताना, हा माणूस छत्री धरून आपल्या ठेवीची वाट पाहत उभा असतो. मिळालीच, तर वाटेत विचारतो, “हप्ता वेळेवर भरतोस ना?” त्या रिक्षावाल्यांना ते वसुली अधिकारी वाटतात. काहीजण त्यांना पाहून सिग्नल तोडतात, असंही ऐकलंय.

अडचण एकच होती. या बँकेला यूपीआय नव्हतं. २०१६ नंतर अख्खा देश भाजीवाल्यासमोर फोन नाचवू लागला आणि अण्णांच्या खिशात चेकबुक राहिलं. कोथिंबिरीच्या जुडीला चेक चालत नाही. तेव्हा काकू पुढे होतात, राष्ट्रीयीकृत बँकेतल्या आपल्या खात्यातून टिंग करतात, आणि अण्णा वहीत लिहितात. वीजबिल, गॅस, गोळ्या, नातवाच्या शाळेची बस, सगळं टिंग. महिनाअखेर अण्णा काकूंना एक चेक देतात, क्रॉस केलेला. “यांचं तत्त्व माझ्या फोनवर चालतं,” काकू म्हणतात, “आणि चार्जरही माझाच.”

तळमजल्यावरच्या वकिलांनी एकदा अण्णांना कोंडीत पकडलं. तुमची बँक छोटी, तिचे चेक मोठ्या बँकेमार्फतच क्लिअरिंगला जातात, म्हणजे तुमचं सोवळ्यातलं पाणी पालिकेच्याच नळाचं. शिवाय ठेवींतले अठरा टक्के सरकारी रोख्यांत घालावे लागतात. सरकार त्यातून तोफाही घेतं. अण्णा रात्रभर झोपले नाहीत. सकाळी जिन्यात वकिलांना गाठून म्हणाले, “देशाच्या तोफेचं वेगळं.”

पण भाबडे मात्र ते नाहीत. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढायची मुभा होती, तेव्हा आमच्या बाकावर अण्णाच सर्वांत शांत होते. पुढे २०२० मध्ये ठेवींचा विमा एका लाखावरून पाच लाखांचा झाला. त्या विम्यात व्याजही धरतात, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. अण्णांची ठेव साडेचार लाखांवर थांबलेली आहे. बाकीचं काकूंच्या नावावर. तत्त्वाची मर्यादा पाच लाख, व्याजासह.

अण्णांना हसणं सोपं आहे, आणि आम्ही ते नियमाने करतो. फक्त वार्षिक सर्वसाधारण सभेत हसू येत नाही. आम्हीही आता सभासद आहोत. त्या फॉर्मपासून कोण सुटलंय? सभेला आम्ही जातो ते स्टीलच्या डब्यासाठी आणि मसालेभातासाठी. अध्यक्ष विषय वाचतात, सभागृह ‘मंजूर, मंजूर’ म्हणतं, ताळेबंद कोणी उघडत नाही. एकटे अण्णा पेन्सिलीच्या खुणा केलेला अहवाल घेऊन उभे राहतात: थकीत कर्ज मागच्या वर्षीपेक्षा का वाढलं? मागून कोणीतरी ओरडतं, अण्णा, भात निवतोय. अण्णा बसत नाहीत. एक सभासद, एक मत, हे त्या मंडपात खरं मानणारा तो एकच इसम असतो, आणि बँक धड चालली असेल तर त्यात आमच्या ‘मंजूर’चा वाटा किती, हा विचार मी डबा घेऊन घरी जाताना टाळतो.

यंदा बँकेत यूपीआय आलं. अण्णांनी पहिला मान पिठाच्या गिरणीला दिला, कारण गिरणी त्यांच्याच बँकेच्या कर्जावरची. दळणाचे पैसे द्यायला फोन उचलला, तर भिंतीवर स्टिकर दुसऱ्याच कंपनीचं, आणि शेजारी तिचा बोलणारा डबा.

“कर्ज आपलं आणि डबा यांचा?”

“काका, गिरणीच्या आवाजात मेसेज वाजलेला कळत नाही. हा ओरडून सांगतो, पैसे आले म्हणून.”

अण्णांनी मुकाट्याने स्कॅन केलं. डबा ओरडला. आणि सप्टेंबरातल्या सभेत त्यांनी एकच लेखी प्रश्न दिला: आपल्या बँकेचा बोलणारा डबा कधी येणार? जन्मात पहिल्यांदा अण्णांच्या प्रश्नाला अख्खा मंडप ‘मंजूर!’ म्हणाला. अण्णांनी चष्मा पुसला आणि थकीत कर्जाचं पान उघडलं.